टॅबवरच्या पासवर्डवाल्या फाइली: एका करसल्लागाराच्या ऑफिसातल्या तपासणीच्या नोंदी

५ मे

इचलकरंजीतल्या एका करसल्लागाराचं काम घेतलं. ऑफिस लहान. अण्णा स्वतः, रिटर्न भरणाऱ्या ताई आणि कागद गोळा करत फिरणारी दोन पोरं. क्लायंट म्हणजे यंत्रमागवाले, सायझिंगवाले (सुताला खळ लावणारे), सूत दलाल आणि थोडे पगारदार. फिरणाऱ्या पोरांजवळ ऑफिसचा टॅब असतो. शेडमध्येच कागदांचे फोटो काढायचे, क्लायंटची जुनी फाइल लागली तर तिथंच उघडून दाखवायची. मध्यंतरी हा टॅब एसटीत राहिला. कंडक्टरनं डेपोत जमा केला म्हणून परत मिळाला.

अण्णांचा प्रश्न सरळ आहे. "नसता मिळाला तर काय गेलं असतं? फायली तर सगळ्या पासवर्डच्या हाईत की." या प्रश्नाचं लेखी उत्तर द्यायचं, आणि उत्तर वाईट आलं तर जुलैची झुंबड उडायच्या आत पद्धत बदलून द्यायची, असं ठरलं.

एक अट मी घातली. कुठल्याही क्लायंटची फाइल फोडून बघायची नाही. त्याच जातीच्या नकली फाइली मी बनवेन आणि त्या फोडेन. खरी फाइल लागलीच तर अण्णांची स्वतःची, तीही ते समोर बसलेले असताना.

७ मे

टॅबची झडती. अँड्रॉइड ९, सुरक्षा अपडेट बंद होऊन काळ लोटलेला. आतली जागा ३२ जीबी. त्यातली बरीच सिस्टीमनंच खाल्ली आहे, म्हणून मायक्रो एसडी कार्ड घातलंय. या कार्डाकडे नंतर वळायचं आहे.

पासवर्डवाला माल असा: सरकारी पोर्टलवरून उतरवलेल्या पीडीएफ (ई-आधार, ई-पॅन, आयटीआर-व्ही म्हणजे रिटर्नची पोच, एआयएस म्हणजे वर्षभराच्या उत्पन्नाचं आणि व्यवहारांचं सरकारी विवरण), वेगवेगळ्या बँकांची स्टेटमेंट, ताईंनी क्लायंटवार बांधलेल्या झिप, अण्णांच्या काही जुन्या एक्सेल, आणि पोरांपैकी एकानं टाकलेलं फोटो लपवायचं लॉकर ॲप.

एक्सेलचं आजच उरकलं. २००३ पर्यंतच्या जुन्या साच्यातली फाइल बहुधा ४० बिटांच्या आरसी४ या जुन्या कुलूपपद्धतीनं बंद होते. ती आता बंद नसल्यातच जमा. नव्या साच्यातलं, ऑफिस २०१३ आणि पुढचं कुलूप चांगलं आहे. पासवर्डवर शा-५१२ (उलटं न फिरवता येणारं गणित) एक लाख वेळा फिरवतात, त्यामुळे चोराला एकेक अंदाज महाग पडतो. पण अण्णांच्या निम्म्या फाइलींत "प्रोटेक्ट शीट" एवढंच केलेलं होतं. त्यानं आकडे बदलता येत नाहीत, वाचता मात्र सगळ्यांना येतात. अण्णांना दाखवलं तेव्हा ते काही बोलले नाहीत, नुसता चष्मा काढून पुसला.

९ मे

आज फक्त सरकारी पासवर्डांची सूत्रं. ती सगळ्यांना माहीत आहेत, पोर्टलवरच लिहिलेली असतात.

ई-आधार: नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरं कॅपिटलमध्ये, पुढे जन्मवर्ष. ई-पॅन: जन्मतारखेचे आठ आकडे. आयटीआर-व्ही आणि एआयएस: पॅन स्मॉल अक्षरांत, त्याला जोडून जन्मतारीख.

ई-पॅनपासून सुरुवात. शंभर वर्षांतल्या सगळ्या जन्मतारखा मिळून साधारण साडेछत्तीस हजार. आठ आकडी पासवर्ड म्हटला की दहा कोटी शक्यता वाटतात, पण तारखा तेवढ्या नसतातच. नकली पीडीएफ बनवून तारखांची यादी हॅशकॅट या पासवर्ड फोडायच्या साधनाला दिली. एंटर दाबल्यावर वाट बघावी असं काही नव्हतंच.

ई-आधारची चार अक्षरं कुणाला ठाऊक नसतील तर २६ चा चौथा घात, म्हणजे ४,५६,९७६, गुणिले शंभर वर्षं: साडेचार कोटी. साध्या लॅपटॉपला हेही जड नाही. पण इथं तेवढीही मेहनत लागत नाही, कारण ऑफिसातल्या फाइलीचं नावच "अमुक पाटील आधार" असं असतं. चार अक्षरं दारावर लिहिलेली. उरलं जन्मवर्ष. रिटर्न भरणारा माणूस वीस ते नव्वदच्या मधला धरला तर सत्तरेक अंदाज. हाताने टाइप करूनही दुपारपर्यंत होईल.

पॅन-अधिक-तारीख हे सूत्र यातलं त्यातल्या त्यात बरं. पॅनमध्ये पाच अक्षरं, चार आकडे, शेवटी एक अक्षर. व्यक्तीच्या पॅनमध्ये चौथं अक्षर ‘पी’, पाचवं आडनावाचं पहिलं. आडनाव माहीत आहे असं धरलं तरी पॅनच्या ४५७ कोटींच्या आसपास शक्यता उरतात, आणि त्यांना तारखांनी गुणायचं. हे वाईट नाही. पण ताई एआयएसच्या फाइलीला नाव देतात ते पॅनचंच! त्यांची बाजू खरी आहे. ऑफिसात पाटील, जाधव, मगदूम डझनानं आहेत, नावावरून फाइल सापडत नाही. तर पॅन दारावर आणि आत तारखा साडेछत्तीस हजार. फिरून तिथंच आलो.

माझं मत लिहून ठेवतो, कारण रिपोर्टमध्ये ते सौम्य करावं लागेल. ही सूत्रं पोर्टलवाल्यांनी मूर्खपणानं ठरवलेली नाहीत. करोडो लोकांना फाइल पाठवायची, पासवर्ड वेगळा कळवायची सोय नाही, म्हणून ज्याचं त्याला आधीच ठाऊक असलेलं काहीतरी घेतलं. चुकून दुसऱ्याच्या ईमेलवर गेली तर त्याला सहज उघडता येऊ नये, इतपत हे काम आहे. ओळखीच्या माणसापासून, आणि जिथं जन्मतारखा, पॅन, आधार एकाच फोल्डरमध्ये शेजारी शेजारी पडलेत अशा टॅबवर, याचा उपयोग शून्य.

१२ मे

पीडीएफचं कुलूप आतून बघितलं. फाइल बंद असली तरी कुलूप कुठल्या जातीचं हे तिच्यातच उघडं लिहिलेलं असतं. साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडून ‘एन्क्रिप्ट’ हा शब्द शोधला की शेजारी व्ही, आर आणि लेंथ यांचे आकडे दिसतात. आर हा कुलपाचा पिढीक्रमांक. पासवर्ड तपासायला लागणाऱ्या ओळीही तिथंच असतात, त्यामुळे चोराला फाइल उघडून बघत बसावं लागत नाही. तेवढ्या ओळी उचलून नेल्या की अंदाज त्याच्या मशीनवर, त्याच्या वेगानं.

आर २ म्हणजे ४० बिटांचं आरसी४, जुन्या अमेरिकन निर्यातबंदीच्या काळातलं. किल्ल्याच एकूण १ लाख १० हजार कोटी. ऐकायला मोठा आकडा आहे, पण आजच्या ग्राफिक कार्डाला नाही. शिवाय इथं पासवर्ड कितीही लांब ठेवा, चोर पासवर्ड शोधतच नाही, सरळ सगळ्या किल्ल्या लावून बघतो. आर ३ आणि आर ४ म्हणजे १२८ बिटं, पहिल्यात आरसी४, दुसऱ्यात एईएस ही नवी, भक्कम पद्धतसुद्धा चालते. किल्ली भक्कम, पण पासवर्डपासून किल्ली बनवताना एमडी५ (शा-५१२ सारखंच, पण जुनं गणित) पन्नासेक वेळाच फिरतं, म्हणून अंदाज स्वस्त.

मग गंमत. २००८ च्या ॲक्रोबॅट ९ मध्ये अडोबीनं २५६ बिटांचं एईएस आणलं, आर ५. जाहिरातीत दुप्पट मजबूत. पण पासवर्ड तपासायला शा-२५६ एकदाच फिरवलं. म्हणजे कुलूप जाडजूड झालं आणि किल्ली शोधणं आधीच्या आवृत्तीपेक्षा सोपं झालं. एल्कॉमसॉफ्ट या पासवर्ड फोडायची साधनं विकणाऱ्या कंपनीनं ते लगेच दाखवून दिलं. पुढे आर ६ मध्ये ते दुरुस्त झालं: शा-२५६, ३८४, ५१२ आणि एईएस यांची मिसळण, किमान ६४ फेऱ्या. २०१७ च्या पीडीएफ २.० च्या मानकात हेच आहे. आज नवीन फाइल बंद करायची तर आर ६, दुसरं काही नको.

अण्णांच्या स्वतःच्या फाइली समोर घेतल्या. बहुतेक १२८ बिटांच्या. एक जुनं स्टेटमेंट ४० बिटांचं निघालं.

एका ताळेबंदाबद्दल अण्णा म्हणाले, "ही तर लॉक केलेली हाय, कुणाला छापताच येत न्हाई." फाइल पासवर्ड न विचारता उघडत होती. छपाई आणि कॉपी तेवढी बंद. हा मालकाचा पासवर्ड. वाचायची किल्ली प्रत्येकाला दिलेली असते आणि व्ह्यूअरला, म्हणजे फाइल दाखवणाऱ्या ॲपला, विनंती केलेली असते की बाबा छापू देऊ नको. क्यूपीडीएफ हे पीडीएफ हाताळायचं साधन ही विनंती मानत नाही. ‘डिक्रिप्ट’ लिहून चालवलं, क्षणात बंधनाशिवायची प्रत तयार. त्यात फोडाफोडी काहीच नव्हती. अण्णांनी ती छापून टेबलावर ठेवली आणि चहा मागवला.

एवढ्यासाठी नोंद: २०१९ मध्ये जर्मनीतल्या बोखुम आणि म्युन्स्टरच्या संशोधकांनी पीडीएफच्या कुलपातली वेगळीच फट दाखवली. फाइलीचा काही भाग बंद, काही उघडा असं मानकाला चालतं. म्हणून वाटेत कुणी बंद फाइलीला उघडा तुकडा जोडला, तर खऱ्या मालकानं पासवर्ड टाकून ती उघडताच मजकूर बाहेर पाठवला जाऊ शकतो. तपासलेले २७ व्ह्यूअर सगळेच कुठल्या ना कुठल्या प्रकारे अडकले. आमच्या टॅबसाठी हा धोका खालच्या पायरीवर. व्ह्यूअर अद्ययावत ठेवा, एवढीच ओळ रिपोर्टमध्ये.

१४ मे

ताईंच्या झिप. ताई शिस्तीच्या. प्रत्येक क्लायंटची एक झिप, आणि पासवर्ड चांगला लांब, सगळ्यांना एकच. "सोळा अक्षरं हाईत, मला मेलीलाच पाठ व्हायला आठवडा लागला," असं म्हणाल्या.

पहिली गोष्ट, झिप पासवर्ड न टाकताही आतली यादी दाखवते. नावं, आकार, तारखा. "घटस्फोट पोटगी आदेश" असं फाइलीचं नाव असेल तर आत काय आहे ते बघायची गरज काय? जुन्या आणि नव्या दोन्ही झिप-कुलपांत हे असंच आहे. सेव्हन-झेड या झिपसारख्याच दुसऱ्या साच्यात नावंही झाकायची खूण करता येते, पण ती मुद्दाम करावी लागते.

दुसरी गोष्ट मोठी. ताईंच्या झिप जुन्या कुलपाच्या निघाल्या, ज्याला झिपक्रिप्टो म्हणतात. कारण साधं. विंडोजच्या मूळच्या झिपच्या सोयीला तेच समजतं, क्लायंटकडे दुसरं काही नसतं, म्हणून ॲपनंही तेच आधी पुढे केलेलं. या कुलपाची पद्धत बिहाम आणि कोखर या संशोधकांनी १९९४ मध्येच मोडून ठेवली आहे. पासवर्डपासून ३२ बिटांच्या तीन किल्ल्या बनतात आणि पुढचं सगळं त्या तिघींवर चालतं. आतल्या एखाद्या फाइलीचे थोडे बाइट चोराला आधीच माहीत असले, तर तो पासवर्डाकडे न बघता थेट त्या तीन किल्ल्या काढतो. बीकेक्रॅक नावाच्या खुल्या साधनाला बारा बाइट पुरतात.

बारा बाइट कुठून आणायचे? पीएनजी चित्राचे पहिले सोळा बाइट जगातल्या प्रत्येक पीएनजीत सारखे असतात: आठ बाइटांची सही, चार बाइटांत तेराचा आकडा, मग ‘आयएचडीआर’ ही चार अक्षरं. आणि पीएनजी आधीच आवळलेली असल्यानं झिप तिला बऱ्याचदा आणखी न आवळता तशीच आत ठेवते. स्क्रीनशॉट काढला की बऱ्याच फोनांत पीएनजीच बनते. पोर्टलवरच्या चलनाचे स्क्रीनशॉट ताईंच्या प्रत्येक झिपमध्ये आहेत.

नकली झिप बांधली. आत एक स्क्रीनशॉट, एक खोटं स्टेटमेंट. पासवर्ड ताईंच्यापेक्षाही लांब, हवा तसा टंकलेला, मलाही न आठवणारा. सोळा बाइट दिले आणि लॅपटॉप दुपारभर लावून ठेवला. संध्याकाळी पडद्यावर तीन किल्ल्या होत्या. त्या लावून स्टेटमेंटही उघडलं, कारण झिपमधल्या सगळ्या फाइलींना पासवर्ड एकच होता. पासवर्ड काय होता हे शेवटपर्यंत कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

त्याच झिपचं एईएस कुलूप घातलं की हे सगळं थांबतं. तिथं पासवर्डवर एक हजार फेऱ्यांचं पीबीकेडीएफ२ (पासवर्डपासून किल्ली बनवायची पद्धत) असतं. आजच्या मानानं एक हजार कमीच, पण सोळा नीट अक्षरं असली तर चालून जातं. सेव्हन-झेडमध्ये सव्वापाच लाखांच्या आसपास फेऱ्या असतात.

ताईंना कसं सांगावं याचा विचार करतोय. त्यांचा पासवर्ड उत्तम होता. कुलूप भुसभुशीत होतं.

१७ मे

एसडी कार्ड.

अण्णांच्या परवानगीनं कार्ड पिनेनं बाहेर काढलं, कार्ड रीडरमध्ये घातलं. लॅपटॉपनं काही न विचारता उघडलं. टॅबला लॉक आहे, पण कार्ड त्या लॉकखाली नाही. ते ‘पोर्टेबल’ म्हणून घातलेलं, एक्सफॅट या साध्या मांडणीत, कुठल्याही मशीनवर वाचण्यासारखं. चोराला टॅब उघडायची गरजच नाही. नखाएवढं कार्ड काढून टॅब तिथंच सोडला तरी चालेल.

कार्डाची प्रतिमा, म्हणजे बाइट-न्-बाइट प्रत, काढली, कार्ड परत टॅबात. मग प्रतिमेवर फोटोरेक हे पुसलेल्या फाइली शोधायचं साधन चालवलं. हे साधन फाइलींची यादी बघतच नाही. कार्डावरचे सगळे बाइट चाळत जातं आणि पीडीएफची सुरुवात, जेपीईजीची सुरुवात दिसली की तिथून पुढे उचलतं. पुसलेल्या फाइलीसुद्धा त्यात येतात, कारण पुसणं म्हणजे यादीतलं नाव काढणं. मजकूर त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जाईपर्यंत पडून असतो.

निघालेल्या फाइली मी उघडल्या नाहीत, पीडीएफमध्ये ‘एन्क्रिप्ट’ हा शब्द आहे का एवढंच स्क्रिप्टनं मोजलं. बहुतेकांत नव्हतं. उघड्या पीडीएफ, उघडे फोटो. कुठून आल्या? टॅबवर झिप उघडायच्या ॲपनं सोडलेला माल कुठं ठेवायचा ते सेटिंग कार्डावर होतं, कारण आत जागा नाही. पोरगं शेडमध्ये झिप उघडायचं, कागद दाखवायचं, आणि ताईंनी शिकवल्याप्रमाणे नंतर सोडलेलं फोल्डर पुसून टाकायचं. शिस्तीत. रोज. आणि रोज एक उघडी प्रत कार्डावर पडायची.

इथं माझ्या रिपोर्टचा कणा सापडला. फाइलीवरचा पासवर्ड प्रवासापुरता असतो. फाइल उघडली की तिची एक उघडी प्रत कुठंतरी बनते, आणि हातातल्या यंत्रावर अशा जागा मोजायच्या म्हटल्या तर मला पुढचे दोन दिवस लागतील.

१९ मे

तेच मोजत बसलो.

सगळ्यात मोठी जागा: "प्रिंट करून पीडीएफ सेव्ह". सारखा सारखा पासवर्ड कोण टाकणार, म्हणून एकदा उघडायची, प्रिंटमध्ये जाऊन पीडीएफ म्हणून सेव्ह करायची, बिनपासवर्डची प्रत तयार. ही युक्ती ऑफिसातल्या प्रत्येकाला येते, आणि मला वाटतं महाराष्ट्रातल्या प्रत्येक झेरॉक्सवाल्यालाही. त्यांना नावं ठेवून उपयोग नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरला स्टेटमेंट दिलं की ते पासवर्डवालं नाकारतं. कर्जाच्या अर्जाला जोडताना वरून सूचना असते, "पासवर्ड काढून अपलोड करा". कुलूप लावणाराही तोच, काढायला सांगणाराही तोच. डाउनलोड्समध्ये प्रत्येक स्टेटमेंट जोडीनं आहे, एक बंद आणि एक उघडं.

मग व्हॉट्सॲप. पाठवलेल्या प्रत्येक कागदाची प्रत व्हॉट्सॲप डॉक्युमेंट्सच्या आत ‘सेंट’ नावाच्या फोल्डरमध्ये राहते. मूळ फाइल पुसली तरी ही राहते. आणि पासवर्ड? त्याच चॅटमध्ये, फाइलीच्या खालच्याच ओळीत. "पासवर्ड जन्मतारीख" असं लिहून, वर हात जोडलेले.

बारीकसारीक: जुन्या अँड्रॉइडमधलं थंबनेल्सचं लपवलेलं फोल्डर, त्यात पुसलेल्या फोटोंची टिकलीएवढी रूपं, पण पॅन कार्ड ओळखू येण्याइतकी. अलीकडच्या ॲपांच्या यादीत दिसणारं पीडीएफचं शेवटचं पान. बँकांची ॲपं ते झाकतात, साधे व्ह्यूअर झाकत नाहीत. नोट्समध्ये लिहिलेले पासवर्ड, आणि तिथून कॉपी केले की कीबोर्डाच्या क्लिपबोर्डात थोडा वेळ.

२२ मे

लॉकर ॲप. बाहेरून कॅल्क्युलेटर, आकडे दाबून बरोबरचं चिन्ह दाबलं की आत फोटो. पोरगं लाजलं, आत त्याच्या बहिणीच्या लग्नाचे फोटो होते आणि क्लायंटचे चेक. एकत्र.

ॲपला हात न लावता एडीबीनं, म्हणजे कॉम्प्युटरवरून अँड्रॉइडशी बोलायच्या साधनानं, फोल्डर बघितलं. नावापुढे टिंब असलेलं एक फोल्डर, आत बिनशेपटीच्या फाइली. एकीचं नाव बदलून पुढे ‘जेपीजी’ लावलं. चेक दिसला. एन्क्रिप्शन नाहीच, नुसतं नाव पुसलेलं.

ही जात जुनी आहे. पाम या जुन्या खिशातल्या यंत्रांच्या पाम ओएसमध्ये ‘प्रायव्हेट’ केलेल्या नोंदी नुसत्या नजरेआड व्हायच्या, आणि २००० मध्ये ॲटस्टेक या सुरक्षा कंपनीनं दाखवलं की खुद्द पासवर्डही सिंक करताना काढून घेता येतो. २०१५ मध्ये एनक्यू व्हॉल्ट या खूप उतरवल्या गेलेल्या ॲपबद्दल बाहेर आलं की ते फाइलीचे फक्त पहिले १२८ बाइट, तेही एकाच बाइटच्या किल्लीनं उलटसुलट करत होतं. २५५ अंदाज. ॲप काढून टाकलं, चेक ऑफिसच्या मशीनवर हलवले.

२४ मे

आता टॅबचं स्वतःचं कुलूप. एडीबीनं विचारलं: स्टोरेज एन्क्रिप्टेड, प्रकार फाइल. म्हणजे आतल्या जागेत प्रत्येक फाइल वेगळ्या किल्लीनं बंद, आणि त्या किल्ल्या पडद्याच्या पिनेला बांधलेल्या. अँड्रॉइड ७ पासून ही सोय, १० पासून नव्या यंत्रांना सक्तीची.

अण्णांना पटवायला सगळ्यात अवघड गेलं ते हे: टॅबची चार आकडी पिन ही पीडीएफच्या आठ आकडी पासवर्डापेक्षा भक्कम आहे. दहा हजार विरुद्ध दहा कोटी, असं कसं? कारण पिनेचा अंदाज टॅबवरच टाकावा लागतो. पाच चुकल्या की तीस सेकंद थांब, पुढे आणखी थांब, आणि ही मोजणी चिपच्या सुरक्षित भागात चालते. किल्ली टॅबच्या बाहेर निघत नाही. पीडीएफ मात्र कुणीही कॉपी करून घरी नेतो आणि रात्रभर अंदाज लावत बसतो, त्याला थांब म्हणणारं कोणी नाही. "म्हंजे तालुक्याच्या बँकेचं लॉकर आणि उचलून न्यायची ट्रंक," अण्णा म्हणाले. रिपोर्टमध्ये हेच वाक्य घालणार आहे.

मर्यादा दोन. टॅब चालू करून एकदा पिन टाकली की पुढे बंद करेपर्यंत किल्ल्या टॅबच्या मेमरीत असतात, पडदा लॉक असला तरी. एसटीत सापडणाऱ्या माणसाला त्याचा फायदा नाही, महागडी साधनं असणाऱ्याला होऊ शकतो, आणि अपडेट थांबलेल्या यंत्रात जास्तच. दुसरी: ऑफिसची पिन म्हणजे ऑफिसच्या फोन नंबरचे शेवटचे चार आकडे. तो नंबर टॅबच्या पाठीवर स्टिकरवर आहे.

२९ मे

अण्णांच्या उत्तरात मी लिहिलं: टॅब हरवला असता तर आतली जागा बहुधा वाचली असती, कार्ड पूर्ण गेलं असतं, आणि फाइलींच्या पासवर्डांनी जवळपास काहीच अडवलं नसतं. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात वाजवी काळजी न घेतल्याबद्दल २५० कोटींपर्यंतचा दंड लिहिलाय हे मी एका ओळीत टाकलं, घाबरवायला नाही. अण्णांनी तीच ओळ दोनदा वाचली.

पद्धत अशी ठरली. नवा टॅब, १२८ जीबी, अपडेट मिळणारा, कार्डाचा खाचा रिकामा. सहा आकडी पिन, स्टिकर नाही. कागद टॅबवर साठवायचे नाहीत, ऑफिसला पोचले की टॅबवरून काढून टाकायचे. टॅबवर फाइलवार पासवर्ड नकोत, त्यांनी काम फक्त अडतं. ऑफिसच्या क्लाउड फोल्डरमध्ये क्रिप्टोमेटर या एन्क्रिप्शनच्या साधनाची तिजोरी, त्यात नावंही झाकली जातात, त्यामुळे ताई पॅननं नाव देऊ शकतात. बाहेर पाठवायची फाइल पीडीएफच, क्यूपीडीएफनं २५६ बिट, आर ६. सेव्हन-झेड मला आवडलं असतं, पण सायझिंगवाल्या काकांच्या फोनवर ते कोण उघडणार? पासवर्ड फोनवर बोलून सांगायचा, त्या चॅटमध्ये लिहायचा नाही.

३ जून

पासवर्ड बनवायचे कसे, यावर ताईंशी अख्खी दुपार. त्यांना उच्चारून सांगता येईल असा हवा. शब्दांची यादी करायची ठरली: चार फासे टाकले की १,२९६ जागा, प्रत्येक जागेवर एक मराठी शब्द, इंग्रजी अक्षरांत लिहिलेला. असे चार शब्द म्हणजे २ लाख ८२ हजार कोटी शक्यता, आणि आर ६ मध्ये प्रत्येक अंदाज महाग. क्लायंटला पुरेसं आहे.

यादी करताना स्पेलिंगनं जीव काढला. ‘कडबा’ बाद, कारण ताई मध्ये एक ए जास्त घालतात आणि पोरं घालत नाहीत. ळ असलेले सगळे बाद. छ, ज्ञ, ऱ्हस्व-दीर्घावर अडणारे बाद. पतंग, मोगरा, बदाम, तबला असे राहिले. शब्द फाशांनीच निवडायचे, मनानं नाही. ताईंनी पहिल्याच फेरीत "हा नको, छान न्हाई" म्हणून फासे पुन्हा टाकले. तसं करायचं नाही हे सांगितलं. शब्द छान असायची गरज नाही.

१२ जून

पहिला आठवडा चालला. तक्रारी आल्या. एका कारखानदारानं सांगितलं, "हे शब्द-बिब्द काय ओ, माझा मोबाइल नंबर ठेवा की." ताईंनी नाही म्हटलं आणि फोनवर चार शब्द परत वाचून दाखवले. दोन वयस्कर क्लायंट ऑफिसला येऊन छापील नेतात. तेही ठीक.

जुना टॅब फॅक्टरी रिसेट केला. आतल्या किल्ल्या नष्ट झाल्या की मजकूर असून नसल्यासारखा, त्याची काळजी नाही. कार्डाचं तसं नाही. फ्लॅश कार्ड नवं लिहिताना जागा आपणच बदलत राहतं, त्यामुळे वरून लिहिलं तरी सगळं पुसलं गेलं याची खात्री देता येत नाही. कार्ड कात्रीनं मधोमध कापलं, तुकडे अण्णांनी स्वतः घेतले. माझ्याकडची कार्डाची प्रतिमाही अण्णांसमोर पुसली. ती एन्क्रिप्टेड डिस्कवर होती.

राहिलेलं: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मागच्या वर्षांची बिनपासवर्डची स्टेटमेंट पडून आहेत. ती तिजोरीत हलवायला ताई दिवसाला एक क्लायंट घेतात, जुलैत थांबणार, ऑगस्टात पुन्हा सुरू. पोरांच्या स्वतःच्या फोनांतलं व्हॉट्सॲपचं ‘सेंट’ फोल्डर अजून तसंच आहे. फोन त्यांचे असल्यानं अण्णांनी हुकूम सोडून भागणार नाही. एकेकाजवळ बसून, त्याला दाखवत, काढावं लागेल. शनिवारी मोठ्याला बोलावलंय.